‘माय फादर’ला दहापैकी किती?

हसू आवरत नाही म्हणून नोकरी जाते की काय, अशी वेळ माझ्यावर आली होती, आणि तीही पहिल्याच नोकरीत. बी.ए. होऊन मी घरी बसले होते. भोपाळमध्ये टी. टी. नगरच्या बाजारामागे एक खासगी प्राथमिक शाळा होती. तिथल्या इंग्रजीच्या बाई लग्न होऊन जबलपूरला गेल्या आणि त्यांच्या जागी मला घेतलं, ते ‘रिझल्ट लागेपर्यंत’ या अटीवर. पुढचं पुढे. शाळा वरच्या मजल्यावर होती आणि खाली पिठाची चक्की. सकाळी चक्की सुरू झाली की जमीन हलकेच थरथरायची आणि मुलं त्या घरघरीच्या तालावर पाढे म्हणायची. चक्की मधेच थांबली की पाढेसुद्धा अडखळायचे. गव्हाच्या पिठाचा एक गरम वास सगळ्या वर्गांतून फिरत असे, त्यामुळे मधल्या सुट्टीपर्यंत मुलांना आणि मला सारखीच भूक लागे. घरी परतले की आई माझ्या केसांवर फुंकर मारून म्हणायची, “शिकवायला गेली होतीस की दळायला?”

आम्ही शिवाजी नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहत होतो. बाबा मूळचे साताऱ्याचे, बदली होऊन भोपाळला आलेले. सरकारी खात्यात हेडक्लार्क होते आणि इंग्रजी मसुदे लिहिण्यात त्यांचा हात धरणारा ऑफिसात कोणी नव्हता, असं त्यांचंच म्हणणं होतं. आई ग्वाल्हेरची. तिचं मराठी हिंदीत मुरलेलं. “मी केव्हाची आवाज देऊन राहिले आहे,” ती स्वयंपाकघरातून म्हणायची. बाबा वर्तमानपत्रातून डोकं न काढता दुरुस्ती करत, “हाक मारतेय, असं म्हण.” “हाक मारली असती तर आला असता का? आवाज दिला म्हणून आलात,” आई म्हणायची आणि पोह्यांची बशी त्यांच्यापुढे आपटायची. पोह्यांवर शेव, बाजूला दोन जिलब्या. बाबांना पोह्यांबरोबर जिलबी हे पाखंड वाटे, पण ती ते कधी उरवत नसत. आमच्या घरात अशा दुरुस्त्या दिवसभर चालत आणि कोणीही सुधारत नसे.

आता परीक्षेविषयी सांगते. शाळेच्या मोठ्या बाई म्हणजे सक्सेना मॅडम. उंच, कडक इस्त्रीची साडी, कपाळावर एवढी मोठी बिंदी. निबंध त्या स्वतः रचत. चौथीला त्या वर्षी ‘माय फादर’ होता, बरोबर दहा ओळींचा. मी तो फळ्यावर लिहायचा, मुलांनी उतरवून घ्यायचा, पाठ करायचा आणि परीक्षेत जसाच्या तसा लिहायचा. तपासण्याची रीतही मॅडमनी मला समोर बसवून शिकवली. एका ओळीला एक गुण. स्पेलिंग चुकलं की अर्धा कापायचा. वाक्याचं पहिलं अक्षर लहान असेल किंवा पूर्णविराम राहिला असेल तर पाव. ओळ फळ्याप्रमाणे नसेल तर शून्य. “इसमें सोचना कुछ नहीं है,” त्या म्हणाल्या, “सोचने से गड़बड़ होती है.” मला ते फार सोपं वाटलं. माझी नात मिसरोदच्या ज्या शाळेत जाते तिथे आता निबंधाला चौकटी असतात, कल्पकतेची एक, मांडणीची एक, आणि तिची टीचर मोबाइलवर बोट सरकवून त्या भरते. परवा नातीने विचारलं, “आजी, तुमच्या वेळी कल्पकतेला किती मार्क होते?” मी सांगितलं, “शून्य.” तिला ती गंमत वाटली. ती गंमत नव्हती, तो नियम होता.

रविवारी सकाळी मी पेपरांचा गठ्ठा घेऊन व्हरांड्यात बसले. बाबा आपणहून मदतीला आले. त्यांनी चष्मा पुसला, घसा साफ केला आणि पहिला निबंध ऑफिसात साहेबांपुढे मसुदा वाचावा तसा वाचला. माय फादर इज टॉल अँड फेअर. ही गोज टू ऑफिस ॲट टेन ओ’क्लॉक. ही इज अ व्हेरी बिझी मॅन. ही ब्रिंग्ज टॉफीज फॉर मी. दुसऱ्या मुलाचे वडीलही उंच आणि गोरे निघाले. तिसऱ्याचेही. पाच-सहा पेपर होईतो आई स्वयंपाकघरातून पुढची ओळ आधीच म्हणायला लागली. तिला इंग्रजी फारसं येत नव्हतं, पण कानाने तिने ते आरतीसारखं उचललं होतं. बाबा म्हणाले, “ही गोज टू,” की आतून फोडणीच्या आवाजाबरोबर यायचं, “ऑफिस ॲट टेन!” मग आम्ही तिघंही ते एका सुरात म्हणायला लागलो. एकाने फळ्यावरची रिकामी जागासुद्धा इमानेइतबारे पाठ केली होती. त्याने लिहिलं होतं, माय फादर्स नेम इज श्री डॅश. बाबांनी चष्मा काढून डोळे पुसले. “श्री डॅश,” ते म्हणाले, “आमच्या अकाउंट्समध्ये आहेत बहुतेक.” पुढच्या पेपरात ‘टॉल’चं स्पेलिंग बिघडून ‘टेल’ झालं होतं, म्हणजे वडिलांना शेपूट फुटलं होतं. “याचे किती कापायचे?” मी विचारलं. “शेपटीचा अर्धा,” बाबा गंभीरपणे म्हणाले, आणि मी हसता हसता पेन्सिल खाली टाकली. ती गडगडत पायऱ्यांवरून अंगणात गेली.

त्यानंतरचा पेपर नफीसाचा होता. नफीसा म्हणजे शेवटच्या बाकावरची, दोन वेण्या घातलेली, वर्गात तोंडातून शब्द न काढणारी मुलगी. निबंध पाठ करायच्या आठवड्यात ती तापाने घरी होती. फळ्यावरचा निबंध तिने पाहिलाच नव्हता. बाबांनी सवयीने सुरुवात केली आणि पहिल्याच ओळीला थबकले. मग सावकाश वाचू लागले.

“माय फादर इज अ बँड. ऑल पीपल मॅरी, माय फादर ब्लो. हिज चीक बिकम टू पुरी. हिज कोट इज रेड अँड गोल्ड रोप बट पँट इज ऑफ होम. इन डे ही स्लीप बट हिज फिंगर नॉट स्लीप. माय मदर से, फर्स्ट यू स्लीप युवर फिंगर. इन मॅरेज ही नॉट ईट, ही ब्रिंग लड्डू इन क्लॅरिनेट बॉक्स. लड्डू इज स्मेल ऑफ ऑइल बट वी ईट. आय लाइक रेन. इन रेन नो मॅरेज अँड फादर इज ओन्ली अवर.”

‘पँट इज ऑफ होम’ला मी जी फुटले ती थांबेचना. बाबांचं पोट हलत होतं, आवाज मात्र येत नव्हता, त्यांचं हसणंच तसं होतं. आई पदराला हात पुसत बाहेर आली. “पुन्हा वाचा,” ती म्हणाली. बाबांनी पुन्हा वाचलं. फुगलेल्या गालांच्या दोन पुऱ्या ऐकून आई मटकन पायरीवर बसली आणि आम्ही तिघंही इतके हसलो की शेजारच्या तिवारीकाकू कुंपणापाशी येऊन काय झालं ते विचारून गेल्या. आता असं हसले तर माझ्या बरगड्या दुखतील, पण ती दुखणी मी आनंदाने घेईन.

हसणं ओसरल्यावर मी नियम लावला. फळ्याप्रमाणे एकही ओळ नाही, म्हणजे शून्य. बाबांनी बरीच ओढाताण केली. “रेड कोट बरोबर आहे. पूर्णविराम आहेत. दोन देता येतील,” ते म्हणाले. नफीसाला बाकीच्या प्रश्नांत जेमतेम गुण होते. निबंधाला दोनच मिळाले तर ती इंग्रजीत नापास होणार होती, आणि इंग्रजीत नापास म्हणजे त्या शाळेत पुन्हा चौथी.

“अहो, मला इंग्रजी येत नाही,” आई म्हणाली, “पण मला हिचं सगळं समजलं. एवढे बाप ऐकले सकाळपासून. हा एकटाच मला रस्त्यात दिसला तर ओळखू येईल.”

“समजणं वेगळं आणि व्याकरण वेगळं,” बाबा म्हणाले.

“मग तुम्ही कशाला एवढे हसून राहिले होते? व्याकरणाला?”

बाबांनी ‘हसून राहिले’ दुरुस्त केलं नाही. मी अंगणातून पेन्सिल आणली आणि नफीसाच्या निबंधावर आठ लिहिले. लिहिताना मला उड्या माराव्याशा वाटत होत्या.

दोन दिवसांनी सक्सेना मॅडमनी मला स्टाफरूममध्ये बोलावलं. तिथे खान आपाही होत्या. खान आपा गणित शिकवायच्या, अस्सल जुन्या भोपाळच्या. कमरेला मण्यांचा बटवा आणि त्यात कातरलेली सुपारी. निकालाआधी मॅडम सगळे पेपर फिरून बघत, आणि त्यांची नजर स्पेलिंगवरून सहसा सुटत नसे.

“मिस शैला, ये आठ नंबर किस खुशी में दिए हैं?”

“मॅडम, लड़की ने अपने मन से लिखा है,” मी म्हणाले.

“वही तो पूछ रही हूँ. अपने मन से लिखने को किसने कहा था? पढ़िए. ज़ोर से पढ़िए, मैं भी सुनूँ.”

मी वाचायला लागले. गालांच्या पुऱ्यांपर्यंत मी नखं तळहातात रुतवून तग धरला. पँटपाशी पोचले आणि माझा आवाज चिरकला. “हँसिए मत,” मॅडम म्हणाल्या. कोणी हसू नका म्हटलं की काय होतं ते सगळ्यांना माहीत आहे. मी ओठ मिटले तर नाकातून आवाज आला. खान आपांनी बटव्यात तोंड घातल्यासारखं केलं. “अरे बीबी, आगे तो पढ़ो,” त्या आतूनच म्हणाल्या, “लड्डू का क्या हुआ?”

“आपा, आप भी!” मॅडमनी टेबलावर हात आपटला. “मिस शैला, आपको परमानेंट करने की बात मैं कमेटी में रखने वाली थी. जिसको कॉपी जाँचना नहीं आता, उसको मैं कैसे रखूँ? देखिए, कॉपी ऐसी होती है.” त्यांनी गठ्ठ्यातून दहापैकी दहावाला एक पेपर खेचला आणि स्वतः वाचायला लागल्या. रचना त्यांचीच होती, त्यामुळे वाचताना त्यांचा आवाज जरा ओला झाला. “माय फादर इज टॉल अँड फेअर. ही गोज टू ऑफिस ॲट टेन ओ’क्लॉक. ही इज अ व्हेरी बिझी मॅन. एक ग़लती नहीं. इसको कहते हैं कॉपी.”

“किसकी है?” खान आपांनी सहज विचारलं.

मॅडमनी पान उलटून नाव पाहिलं. पेपर बबलूचा होता. बबलू म्हणजे त्यांचाच मुलगा.

सक्सेना साहेबांना सगळी शाळा ओळखत होती. त्यांनी वर्षभरापूर्वी नोकरी सोडली होती आणि घरचा स्वयंपाक ते करत, मोठ्या हौसेने करत. ठेंगणे, गोल, सावळे गृहस्थ. रोज मधल्या सुट्टीत सायकलला डबा अडकवून मॅडमसाठी गरम जेवण घेऊन येत, आणि नेमकी तेव्हाच मधली सुट्टी झाली होती. खाली सायकलची घंटी वाजली. जिन्यावर पावलं वाजली. दारात साहेब उभे राहिले, खांद्यावर हळदीचे डाग पडलेला नॅपकिन. “भई, कढ़ी है,” ते म्हणाले, “ठंडी मत होने देना. पकौड़े अलग रखे हैं, गल जाते हैं.”

मॅडमच्या हातात ‘टॉल अँड फेअर’ तसाच होता. खान आपांनी घड्याळाकडे बघितलं आणि अगदी अदबीने विचारलं, “साहब, आज ऑफिस नहीं गए?”

मी खुर्चीवरून खाली घसरले, हे मी खरं सांगते आहे. आपा तर बटवा सोडून टेबलावर आडव्या झाल्या आणि सुपारीचे तुकडे सगळीकडे उडाले. सक्सेना साहेबांना काही कळेना, पण हसणारी माणसं बघून तेही हसायला लागले. मॅडम काही क्षण ताठ बसल्या. मग त्यांची ती मोठी बिंदी हलायला लागली. आधी बिंदी, मग हनुवटी, मग खांदे. त्यांनी पेपर तोंडापुढे धरला आणि त्या पेपरामागून मी कधी ऐकला नव्हता असा, एखाद्या कॉलेजातल्या मुलीचा हसण्याचा आवाज आला. “बबलू ने लिखा है, आप बहुत बिझी हैं,” त्या कशाबशा साहेबांना म्हणाल्या. “हूँ तो,” साहेब म्हणाले, “कढ़ी क्या अपने आप बनती है?”

आम्ही सगळ्यांनी ती कढी खाल्ली. जेवण झाल्यावर मॅडमनी डोळे पुसले आणि पुन्हा मोठ्या बाई झाल्या. “आठ बहुत हैं,” त्या म्हणाल्या, “व्याकरण भी कोई चीज़ है.” सहापासून घासाघीस सुरू झाली आणि सातावर थांबली. नफीसा इंग्रजीत पास झाली.

निकालाच्या दिवशी तिचे वडील आले. मुन्ने खां बारीक अंगाचे, संकोची गृहस्थ होते. निकाल बघून झाला तरी ते जाईनात. “बीबी, सुना है इसने परचे में मेरे बारे में कुछ लिखा है,” ते म्हणाले. “कोई शिकायत-विकायत तो नहीं?” मी पेपर काढला आणि एकेक ओळ हिंदीत करून सांगितली. पुऱ्यांना ते लाजले, पँटला जोरात हसले. झोपेत बोटं चालतात ही ओळ आली तेव्हा त्यांनी दोन्ही हात पाठीमागे नेले, जणू मी ती बोटं तपासणार होते. “सच्ची?” त्यांनी नफीसाला विचारलं. तिने मान हलवली. मग पावसाची ओळ आली. ‘बारिश में अब्बा सिर्फ़ हमारे होते हैं.’ मुन्ने खांनी नफीसाच्या खांद्यावरचं दप्तर काढून आपल्या खांद्याला लावलं, मला सलाम केला आणि तिचा हात धरून जिना उतरून गेले. खाली चक्की सुरू होती, तरी नफीसाची बडबड मला बराच वेळ ऐकू येत होती. वर्गात वर्षभर तोंड न उघडणारी मुलगी बोलत होती.

मला मॅडमनी आणखी एक वर्ष ठेवून घेतलं, परमनंट मात्र केलं नाही. “देखेंगे,” म्हणाल्या. आणि सहामाहीला त्यांनी स्वतःहून फळ्यावर निबंध दिला नाही. विषय होता ‘माय होम’. “बच्चे अपने मन से लिखें,” त्या म्हणाल्या आणि घाबरून पुढे म्हणाल्या, “थोड़ा-थोड़ा.”

मुलांनी थोडं-थोडं लिहिलं नाही. टी. टी. नगरपासून शिवाजी नगरपर्यंतच्या सगळ्या क्वार्टरांची दारं त्या पेपरांत सताड उघडली. एका साहेबांविषयी आलं, माय फादर फियर लिझार्ड, माय मदर बीट लिझार्ड, देन शी लाफ ॲट फादर. एकीच्या घरी पाहुणे आले की आजी काजू पलंगाखाली लपवायची. एकाने लिहिलं, अवर नेबर अंकल टेक अवर न्यूजपेपर अँड गिव्ह बॅक विथ टी. बाबा पेपर तपासायच्या रविवारची सहा महिने वाट बघत असल्यासारखे सकाळपासून आंघोळ करून बसले होते, आणि आईने वाचताना मधे उठावं लागू नये म्हणून स्वयंपाक आधीच उरकून घेतला होता. पण पेपर घरी सहीसाठी गेले आणि दुसऱ्या दिवशी शाळेच्या जिन्यावर पालकांची रांग लागली. पालीचे साहेब सगळ्यात पुढे. “मॅडम, ये इंग्लिश पढ़ा रहे हैं या जासूसी?” त्यांनी विचारलं. सक्सेना मॅडम त्या दिवशी गंभीर चेहऱ्याने सगळ्यांना चहा पाजत होत्या आणि अधूनमधून ऑफिसात येऊन दार लावून हसून घेत होत्या.

वार्षिक परीक्षेला त्यांनी विषय बदलला. “अब कोई माँ-बाप नहीं, कोई घर नहीं,” त्या म्हणाल्या. “गाय. गाय शिकायत करने नहीं आएगी.” फळ्यावरचा निबंध पुन्हा द्यावा का, असं मी विचारलं. त्यांनी मान हलवली, नको.

पेपर आले त्या दुपारी आम्ही तिघी स्टाफरूममध्ये बसलो. मी पहिला पेपर उचलला आणि वाचला. “अवर स्ट्रीट काऊ इज ऑफ मिश्राजी. मॉर्निंग शी कम टू अवर डोअर बिकॉज मिश्राजी गिव्ह हर ओन्ली पेपर. शी ईट अवर रोटी अँड गिव्ह मिल्क टू मिश्राजी. मिश्राजी सेल मिल्क टू अस.”

मिश्राजी शाळेच्या कमिटीवर होते. माझ्या परमनंट होण्याच्या कागदावर सही त्यांचीच लागणार होती. खान आपांनी सुपारी चघळणं थांबवलं. मी मॅडमकडे बघितलं. त्या खिडकीबाहेर बघत होत्या आणि त्यांची बिंदी हलायला लागली होती. त्यांनी हात पुढे केला, माझ्या हातातली लाल पेन्सिल घेतली, आणि निबंधावर स्वतःच्या हाताने नऊ लिहिले.

“ये कॉपी घर नहीं जाएगी,” त्या म्हणाल्या. मग पेन्सिल माझ्या हातात परत दिली आणि खुर्ची जवळ ओढली. “अगला पढ़िए, शैला. जल्दी.”